याट्टाची परात

“कोला कुणी आणायचा असतो, ब्रिमा? तू की मी?”

याट्टानं त्याला दारातच अडवलं. ब्रिमाच्या तळहातावर केळीच्या पानात गुंडाळलेली कोलाची दोन फळं होती, एक पांढरं, एक तांबडं. इर्जिकीला, म्हणजे जेवणाच्या बदल्यात साऱ्यांनी मिळून करायच्या शेतकामाला, माणसं हवी असतील तर शेताच्या मालकानं टोळीच्या म्होरक्याकडं कोला न्यायचा, ही गावाची रीत. इथं म्होरक्याच कोला घेऊन मालकिणीच्या दारात उभा होता. उलटी गंगा पाहिली की याट्टाला संशय यायचा.

“तूच आणायचा, मावशी. पण तुझी वाट बघता बघता माझी दाढी पांढरी झाली.”

“आणि आज बरी आठवण झाली!”

“तुझ्या शेतातला पाट बुजलाय. पाणी वर तुंबतं, खाली आमची रोपं पिवळी पडतात. येत्या गुरुवारी टोळी आणतो. पाट उपसू, बांध घालू, तुझी लावणीही उरकू. तू जेवण घाल, एवढंच.”

कोला तिनं घेतला. नाही म्हणायची सोय नव्हती. वाफ्यातली रोपं लावणीला आली होती. आणखी आठवडाभर राहिली असती तर फुकट गेली असती. एकटीनं लावायची तर शेताचा एक कोपरा होई. बाकीच्यात गेली सात वर्षं गवत माजत होतं. त्यातच गावप्रमुखाचा भाऊ पडीक पाणथळ शोधत हिंडतोय, त्याला तेलमाडाची बाग करायची आहे, अशी बोलवा होती. ज्यानं झाड लावलं त्याची जमीन, असं गावात धरून चालत. ब्रिमा त्याच्या ओट्यावर बसलेला तिनं दोनदा पाहिला होता. लावणीच्या निमित्तानं बांधावर माडाची चार रोपं खोचली, की झालं!

तिचा नवरा मोमो हा टोळीचा जुना म्होरक्या. इबोलाच्या साथीत तो गेला, पाठोपाठ दोन्ही मुलगे गेले. याट्टा तेवढी तंबूतल्या दवाखान्यातून जिवंत परतली. घरी आली तेव्हा चटया, कपडे, भांडी सगळं अंगणात जाळून टाकलेलं होतं. ती राखेत बसून काठीनं उकरत राहिली. पातेली सापडली, काळी पडलेली, वाकडी झालेली. इर्जिकीची मोठी परात मात्र सापडली नाही. लोखंडाची राख होत नाही, एवढं तिला कळत होतं. आणि शेजारी जाऊबाई राहत होती, तेन्ने.

साथ गेली. बाजार पुन्हा भरू लागला, शाळा उघडल्या. शेतातले हात काही परत आले नाहीत. टोळीतले किती मेले ते सगळ्यांना ठाऊक होतं. जे उरले त्यांना एकमेकांच्या घामाची धास्ती बसली होती. अंगात जोर असलेले हिऱ्यांच्या खाणीवर माती चाळायला गेले, नाहीतर शहरात मोटारसायकलवरून माणसं वाहू लागले. माणसांवाचून बांध फुटले, पाट बुजले, आणि एकाच्या पडीक शेतानं दुसऱ्याचं शेत पडीक पडलं. जे गाव बाजाराला तांदूळ न्यायचं, ते बाजारातून परदेशी तांदळाची पोती आणू लागलं. कोकोचा व्यापारी गाडीतून न उतरता काचेआडून भाव सांगे, आणि लोक मुकाट घेत.

बुधवारी याट्टा शाळेतून उसन्या ताटल्या घेऊन आली. तेन्ने आपल्या दारात कसाव्याची पानं खुडत बसली होती.

“एवढ्या ताटल्या गं कशाला?”

“भांडी नाहीत माझ्याकडं. ज्यांच्याकडं आहेत त्यांची गोष्ट निराळी.”

तेन्नेनं पानं उचलली आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

गुरुवारी उजाडताच ढोल वाजला. टोळी घरामागच्या उतारावरून शेतात उतरली. तेन्नेही लावणी करणाऱ्या बायांत होती. याट्टा चूल सोडून सारखी बांधावर जाई. कुणाची पिशवी फुगलेली दिसली की तिथं घुटमळे.

ढोलकरी कपाना ओरडला, “मावशी, माझा ढोल राहिला की बघायचा! आत अख्खा माड उभा असेल!”

सगळे हसले. तिनं मात्र खरंच वाकून ढोलाखाली पाहिलं.

दुपारपर्यंत पाटाचं पाणी वाहतं झालं. अर्ध्याहून अधिक शेत हिरवं झालं. टोळी हातपाय धुऊन अंगणात आली, तर ओट्यावर ताटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत भात, वर कसाव्याच्या पानांचं कालवण, सुक्या मासळीचा तुकडा. याट्टानं सगळा विचार केला होता. माझ्यासोबत एका भांड्यात हात घालायला हे कचरणार. तो अपमान माझ्या अंगणात नको.

ब्रिमा उभाच राहिला.

“हे काय, मावशी?”

“जेवण. ताटल्या क्लोरीननं धुतल्यात. माझ्या हाताला कुणाचा हात लागायला नको.”

“ताटलीत मजूर जेवतो. इर्जिकीचा माणूस परातीत जेवतो. आम्ही मजूर असू तर आमची मजुरी टाक, आम्ही निघतो. मोमोदादा असता तर असं वाढलं असतंस?”

याट्टाच्या हातातली पळी थांबली.

“मोमोदादा गेला, तेव्हा तुमच्यातलं कोण आलं होतं?”

मग कपाना खाली बघत म्हणाला, “साथीचं घर म्हणून भोवती दोरी बांधली होती, मावशी. पोलीस होते.”

“दोरी कंबरेएवढी होती. पलीकडून हाक मारता आली असती.”

ब्रिमानं डोक्याचा रुमाल काढला, पिळला. “आली असती,” तो म्हणाला. “नाही मारली.”

“आणि परात कुठून आणू? राखेतसुद्धा मिळाली नाही मला.”

हे ती ब्रिमाला म्हणाली. डोळे मात्र तेन्नेवर होते. तेन्ने उठली, आपल्या घरात गेली आणि डोक्यावर परात घेऊन आली. पांढरी, हिरव्या काठाची. तळाला मोमोनं स्वतः बसवलेलं पत्र्याचं ठिगळ होतं.

“जाळायला नेत होते,” तेन्ने म्हणाली. “मी मागून उचलली.”

“सात वर्षं?”

“पहिल्यांदा हात लावायची भीती वाटली. मग परत द्यायची वाटायला लागली.”

“आणि मधे?”

“मधे आम्ही तिच्यातच जेवलो. खोटं कशाला सांगू?”

याट्टानं परात घेतली, धुतली, पुन्हा धुतली. ताटल्यांतला भात एकेक करून तिच्यात उलटला. रीतीप्रमाणे पहिला घास रांधणारीनं घ्यायचा असतो. तो तिनं सर्वांदेखत घेतला. मग ब्रिमाचा हात आला, कपानाचा, तेन्नेचा, आणि एकामागून एक इतरांचे. तिघेजण मात्र आपापली ताटली उचलून पपईच्या झाडाखाली जाऊन बसले. त्यांना कुणी हाक मारली नाही. याट्टानं पाहिलं आणि नजर वळवली. भात सरत आला तसं तिच्या बोटांना ठिगळ लागलं, पूर्वीसारखंच खरखरीत.

उन्हं उतरली, टोळी गेली. याट्टा एकटी शेतात उतरली. बांधाच्या टोकापर्यंत चालत गेली, गवत बाजूला सारून पाहिलं. माडाचं रोप कुठंच नव्हतं. पावलांचे खळगे होते, त्यांत पाणी साठत होतं. परतताना तिनं दुसऱ्या बांधावरूनही एक फेरी मारली.

दारात परात पालथी ठेवलेली होती, घासूनपुसून लख्ख. तेन्नेच्या घरातून चुलीचा धूर येत होता. याट्टानं परात उचलली, मावळत्या उजेडासमोर धरून कुठं भोक पडलंय का ते पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला. उंबरठ्यापर्यंत आली आणि थांबली. मग मागं वळून दोन्ही घरांच्या मधल्या दगडावर, दोन्ही दारांतून दिसेल अशी, तिनं ती पालथी घातली.