मला टाकलं, बरं झालं!

मी बोलतेय दवाखान्यातल्या पिवळ्या पिशवीतून. हो, कचऱ्यातून. पण रडगाणं गाणार नाही, आज माझा सण आहे.

मी धातूची जाळीदार नळी. डॉक्टर मला स्टेंट म्हणतात. मधे बारीक, दोन्ही टोकांना पसरट, डमरूसारखी.

माझे मालक हणमंतराव. बँकेतून निवृत्त, लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीत घर. पित्ताचा खडा अडकून स्वादुपिंड सुजलं, तर म्हणे "गॅस आहे." मोठ्यांचं हे असंच, दुखेल तो गॅस! ओवा चावत बसले. मुलीनं, आर्यानं, ओढत दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. सूज उतरली, पण जठरामागे पू आणि सडलेलं मांस साचून पिशवी तयार झाली. ताप चढला, चमचाभर पेजही पोटात टिकेना.

साताऱ्याहून थोरले बंधू लक्ष्मीकांत फोनवर गरजले, "पोट फाडून घे, एकदाचं!" पोट की भोपळा?

डॉक्टरांनी पोटावर ओरखडाही काढला नाही. दुर्बिणीतून, घशावाटे मला आत नेलं आणि जठराच्या भिंतीतून त्या पिशवीत बसवलं. मी फुलले, आणि पू भळाभळा वाहिला! काय ती घाण! तरी जागा असती तर मी नाचले असते. उरलेला गाळ डॉक्टरांनी माझ्यातूनच ओढून काढला. ताप गेला. पुढे एके दिवशी वरून मुगाची खिचडी आली आणि टिकली. हणमंतरावांच्या पत्नी विनीताबाईंचं हसणं मला आतपर्यंत ऐकू आलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "महिन्याभरात काढायला या. पिशवी आकसली की नळी रक्तवाहिनीला घासते. जिवावर बेतेल."

पण या घरात मोडक्या छत्रीची काडीसुद्धा टाकत नाहीत! "चांगली वस्तू आहे, राहू दे की," हणमंतराव म्हणाले. "दुखतंय कुठं?"

"अगदी बरोबर," फोनवरून लक्ष्मीकांत. अक्कल दोघांची सारखीच.

इकडे पिशवी रिकामी झालेली, पलीकडची रक्तवाहिनी जवळ सरकत होती. तिची धडधड मला लागायची. ओरडणार कशी?

ओरडली आर्या. कॉलेज सोडलं म्हणून नातेवाईक जिला टोमणे मारतात, तीच. "बाबा, ये बिस्किट का डिब्बा नहीं है, जो सँभालके रख लो! चलो, गाड़ी निकाली है."

"अगं, मोठ्यांशी असं बोलतात?"

"बड़े हो तो बड़ों जैसा करो ना!"

हणमंतराव चपला शोधू लागले.

डॉक्टरांनी मला घशावाटेच अलगद बाहेर ओढलं. "वेळेत आलात. भोक आपोआप बुजेल." शुद्धीवर येताच हणमंतराव पुटपुटले, "ती नळी... घरी नेऊ का?"

"फेंक दीजिए, डॉक्टर साहब, जल्दी!" आर्या म्हणाली, आणि सगळे खो खो हसले.

दाराशी हणमंतरावांनी हळूच विचारलं, "जाताना निशातगंजला खस्ता कचोरी?"

"आज खिचड़ी. कचौड़ी बाद में, मैं खुद खिलाऊँगी."

ऐकलंत? म्हणजे 'बाद में' आहे! बाबांनो, माझ्यासारखी कुणी तुमच्या पोटात असेल, तर तिला वेळेवर टाकून द्या. आम्ही कचऱ्यात गेलो, की तुम्ही पंगतीत बसता.