खिळ्यावरचा नान

रेडिओवर बातमी लागली आणि हुसियात पिठाच्या हातांनी तशीच शेजारच्या सलोमतच्या अंगणात धावत आली.

"अगं, नदीपलीकडच्या लढाईतून निघाले सगळे. उद्या शेवटची पलटण पूल ओलांडतेय. माझा शोदमोन येतोय. तुर्दी-अका ट्रक काढतोय, तू पण चल."

सलोमतला खरं तर जायचं काहीच कारण नव्हतं. तिचा नोरबेक दीड वर्षापूर्वीच घरी आला होता, जस्ताच्या पेटीतून. पेटी डाख लावून बंद केलेली आणि उघडायची नाही असा हुकूम. सोबत आलेला अधिकारी मान वर करायला तयार नव्हता. केवढं बलाढ्य सरकार, माणसं आभाळात पाठवणारं, पण पेटीत कोण आहे हे आईला दाखवायची काही हिंमत झाली नाही त्याला. गावाने पेटी पुरली, नमाज झाला, सगळं रीतसर झालं. सलोमतने भिंतीवरचा नान मात्र उतरवला नाही.

आमच्याकडे पोरगा लांब निघाला की ताज्या नानाचा एक घास दातांनी तोडून जातो. उरलेला नान आई फडक्यात बांधून खिळ्याला टांगते. पोराने परत यायचं आणि तोच नान संपवायचा, मध्ये दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही. पोरगा दगावलाच, तर नान चुरून पाखरांना घालायचा. नोरबेक आणि शोदमोन एकाच दिवशी सैन्यात गेले होते. दोघांचे नान हुसियातच्याच तंदुरातले, एकाच ठशाचे. सलोमतच्या घरची पाखरं अजून उपाशी होती आणि गाव तिच्यामागे कुजबुजत होतं. कुजबुजू दे.

"येते," ती म्हणाली. कापूस भरलेल्या जाड कोटात तिने फडक्यासकट नान सारला आणि ट्रकमध्ये चढली.

वाटेत हुसियातच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. "आल्या आल्या न्हाऊ घालते, मग लगेच लग्न. की आधी लग्न उरकू?"

"आधी त्याला पूल तर ओलांडू दे बाई," तुर्दी-अका पुढून ओरडला. "नवरीला आजच ट्रकमध्ये घालून आणली असतीस तू."

"आणली असती, पण तुझ्या या खटाऱ्यात कोण बसतंय?"

बायका खो खो हसल्या. सलोमतही हसली. डोक्यात तिच्या मात्र ती पेटीच घोळत होती. पलीकडे भाऊ भावाच्या जिवावर उठलेला, कोण कुणाच्या बाजूने हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं आणि त्या भांडणात आमच्या सरकारने आमची पोरं नेऊन ओतली. अशा गोंधळात एखादी पेटी चुकीच्या गावाला जाणार नाही कशावरून? नोरबेक कुठल्यातरी दवाखान्यात असेल, कैदेत असेल. शोदमोन त्याच्याच तुकडीत होता, त्याला ठाऊक असणारच. एकच प्रश्न विचारायचा होता तिला, आणि वाटभर तिने तो मनात घोटून ठेवला होता.

नदीकाठी ही झुंबड. बँड वाजत होता, झेंडे फडफडत होते, चिखलात सगळ्यांचे बूट रुतत होते. पुलावरून रणगाडे घरघरत आले तेव्हा गर्दी अशी पुढे सरली की शिपायांच्या दोरीचं काही चाललं नाही. बायका दिसेल त्या पोराचे मुके घेत होत्या, मग तो कुणाचा का असेना. आनंदाने लोकांना नुसतं वेड लागलं होतं आणि सलोमतलाही वाटलं, आता कुठल्यातरी गाडीवरून नोरबेक उडी मारणार.

"तो बघ, तो बघ माझा," हुसियात किंचाळली. "सलोमत, हे धर." हातातलं नानाचं गाठोडं तिच्याकडे भिरकावून ती धावत सुटली. सलोमतने ते काखेत मारलं.

शोदमोन उतरला. वाळला होता, रापला होता, पण पुढच्या दोन दातांमधली फट तशीच होती. आईने त्याला छातीशी दाबला, गदागदा हलवला, पुन्हा दाबला आणि मागे वळून ओरडली, "नान दे गं, नान."

सलोमतने घाईघाईने कोटात हात घातला, गाठोडं उलगडलं आणि नान पुढे केला. शोदमोनने दगडासारख्या कडेत दात रोवून घास तोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि सलोमतचं लक्ष काखेतल्या दुसऱ्या गाठोड्याकडे गेलं. तिने फडकं बाजूला केलं. आतल्या नानाला घास तोडल्याची जुनी खूण होती आणि तिच्या मधोमध दातांच्या फटीचा उंचवटा. हा शोदमोनचा. मग तो खातोय तो?

हुसियातलाही दिसलं. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. "थुंक, थुंक तो घास. नोरबेकचा आहे तो. सलोमत, माफ कर गं, पोराला काय माहीत."

शोदमोन घास तोंडात धरून तसाच उभा राहिला. सलोमत त्याच्या अगदी जवळ गेली. घोटून ठेवलेला प्रश्न कुठल्या कुठे गेला होता.

"शोदमोन, नोरबेक येणार असेल तर थुंक, बाळा," ती म्हणाली. "मी राहिलेला पुन्हा टांगून ठेवीन. नसेल येणार तर खा."

बँड वाजतच होता. शोदमोनने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याचे डोळे भरून आले. मग तो हळूहळू चावू लागला. घास कोरडा होता, चावायला फार वेळ लागला. त्याने तो गिळला.

"मावशी, मी होतो त्याच्यापाशी," तो म्हणाला. "पेटीत मीच ठेवला त्याला."

सलोमतने मान हलवली. शोदमोन नान परत द्यायला लागला, तर तिने त्याचा हात तसाच त्याच्या तोंडाकडे वळवला.

"सगळा संपव. पाखरांना नको," ती म्हणाली. "हुसियात, रडत काय बसलीस? चहा आण त्याला, घशाखाली उतरत नाहीये."