थोरला, मधला आणि धाकटा

मित्रांनो, वाचनालयाच्या तळघरात भिंतीकडे तोंड करून उभा असलेला, ओकच्या लाकडाचा मी एक जुना वर्तमानपत्रांचा स्टँड आहे. माझ्या अंगाखांद्यावर सध्या मोडक्या खुर्च्या आणि नाताळच्या सजावटीची खोकी ठेवलेली असतात. एके काळी माझ्यासमोर माणसे टोपी काढून उभी राहत, हे आज कोणाला सांगून पटणार नाही. माझा एखादा भाऊबंद तुमच्या गावच्या वाचनालयातही असेल. उतरती फळी, मधोमध पितळेची दांडी, दांडीखाली अडकवलेला पेपर, आणि समोर उभ्यानेच वाचणारा माणूस. बसायला आम्ही कोणाला सांगत नाही. बसला की माणूस डुलक्या घेतो.

माझा जन्म इंग्लंडमधल्या लीड्स शहराबाहेरच्या एका छोट्या गावात झाला. तिथे लोकरीच्या गिरण्या होत्या. गिरणीतल्या कामगारांनी पदरमोड करून वाचनालय बांधले, आणि त्यांच्यातल्याच एका सुताराने मला घडवले. गावाची वर्तमानपत्रे तीन होती, म्हणून त्याने मला तीन उतरणी दिल्या. सकाळी येणारा तो थोरला, संध्याकाळी येणारा तो मधला, आणि आठवड्यातून एकदा येणारा तो धाकटा. ही नावे मीच ठेवली. त्यांची खरी नावे फार भारदस्त होती, पण घरच्या माणसांना कोणी भारदस्त नावाने हाक मारत नाही.

लहानपणीची एक गंमत सांगतो. त्या काळी घोड्यांच्या शर्यतीच्या बातम्यांसाठी जुगारी लोक माझ्यापाशी गर्दी करत. म्हणून ग्रंथपाल रोज सकाळी त्या बातम्यांवर शाईने काळे फासत. जुगारी चिडत, शिव्या देत आणि निघून जात. मलाही तेव्हा राग येई, कारण शाई ओली असली तर ती माझ्याच अंगाला लागे. पण त्या काळ्या पट्टीचा एक गुण होता. ती दिसत असे. इथे काहीतरी होते आणि ते आपल्यापासून लपवले आहे, हे शेंबड्या पोरालाही कळे. हा गुण मोठा होता, हे मला फार उशिरा समजले.

साधारण एकोणीसशे त्र्याऐंशीच्या सुमारास डॉक्टर शशिधर आगाशे दर शनिवारी माझ्याकडे येऊ लागले. ते मूळचे मिरजेचे. लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात ते ऑपरेशनच्या वेळी भूल देण्याचे काम करत. सोबत त्यांची इंग्लंडातच वाढलेली शाळकरी मुलगी उल्का असे. डॉक्टरांची वाचायची रीत जगावेगळी होती. एक बातमी निवडायची, ती आधी थोरल्यात वाचायची, मग मधल्यात, आणि शेवटी धाकट्यात. ही सवय त्यांना मिरजेच्या वाचनालयात त्यांच्या वडिलांनी लावली होती.

"उल्का, पाचामुखी परमेश्वर म्हणतात," ते सांगत. "इथे पाच पेपर नाहीत, तीन आहेत. तर तिघांमुखी. एकाने सांगितलं तर ऐकायचं, दोघांनी सांगितलं तर विचार करायचा, आणि तिघांचं जुळलं तर खरं मानायचं."

पुढच्याच वर्षी कोळशाच्या खाणींमधला मोठा संप झाला, आणि डॉक्टरांच्या या नियमाची मजा मी रोज पाहिली. एकाच सकाळी एकाच खाणीच्या फाटकापाशी जे घडले ते थोरल्यात वाचले तर सगळा दोष कामगारांचा, धाकट्यात वाचले तर सगळा दोष पोलिसांचा. मधला बिचारा दोघांच्या मध्ये सापडलेला. माझ्यासमोर माणसे हमरीतुमरीवर येत. एकदा तर एकाने छत्री उगारली. ग्रंथपाल मिसेस होल्रॉइड बाई धावत येत आणि ओठांवर बोट ठेवत. मित्रांनो, मी तेव्हा वैतागत होतो. पण खरे सांगू का, माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ तोच होता. ते तिघे भाऊ एकमेकांशी भांडत होते, म्हणून वाचणाऱ्याला आपले डोके वापरावे लागत होते.

डॉक्टरांबरोबर कधी कधी सुप्रभा मोघे येत. त्या गावातल्याच हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डच्या सिस्टर होत्या. त्याही मिरजेच्याच. सख्खा भाऊ नसल्यामुळे त्या डॉक्टरांना शशिदादा म्हणत आणि दर दिवाळीत ओवाळत. इथली भाऊबीज तिथीवर ठरत नसे, हॉस्पिटलच्या रोट्यावर, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यावर ठरे. दोघांची ड्यूटी नसेल तो दिवस भाऊबीजेचा. तो दिवस माझ्यापुढेच, हळू आवाजात ठरवला जाई.

"शशिदादा, संडेला माझा ऑफ आहे. येताय ना?"

"येणार म्हणजे काय. तुझ्या करंज्या सोडून जातो कुठे?"

उल्का मोठी झाली आणि धाकट्याची बातमीदार झाली. तिची पहिली बातमी कौन्सिलच्या सभेबद्दल होती. त्या शनिवारी डॉक्टर आले, पण धाकट्याकडे बघेनात. आधी थोरला वाचला, मग मधला. शेवटी धाकट्यासमोर आले, चष्मा पुसला, आणि तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत उभे राहिले. त्यांचा हात माझ्या दांडीवर होता. मला फार आनंद झाला.

मग एका कंपनीने थोरल्याला आणि मधल्याला विकत घेतले. थोड्याच दिवसांनी धाकट्यालाही घेतले. गावातल्या तिन्ही कचेऱ्यांची दारे बंद झाली आणि सगळे मोटरवेजवळच्या एका पत्र्याच्या मोठ्या इमारतीत गेले. पेपरांची नावे तीच राहिली, वरची नक्षीही तीच राहिली. मला मात्र फरक कळला. पूर्वी तिघांच्या शाईचे तीन वास असत, आता तिघांना एकच वास येऊ लागला. पूर्वी तिघे वेगवेगळ्या वेळी येत, आता तिन्ही गठ्ठे एकाच गाडीतून उतरत. पण लाकडाचे ऐकतो कोण?

त्याच दिवसांत युनिव्हर्सिटीतला एक तरुण आला. युरोपातल्या कोणत्या देशात वर्तमानपत्रांच्या स्वातंत्र्याला किती धोका आहे, लोकांना वेगवेगळी मते वाचायला मिळतात की नाही, हे तो तपासत होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो खूश झाला. "एवढ्याशा टाउनला थ्री टायटल्स! व्हेरी हेल्दी," असे तो मिसेस होल्रॉइडना म्हणाला. बाई म्हणाल्या, की हल्ली तिन्ही एकाच गाडीतून येतात. पण तोवर त्याने पेनाला टोपण लावले होते. या गावाला धोका नाही, असा त्याचा निकाल झाला होता.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही.

एका शनिवारी सुप्रभाबाई ड्यूटी संपवून थेट वाचनालयात आल्या. त्यांचे पाय सुजले होते. माझ्या आडोशाला त्यांनी उल्काला गाठले. डॉक्टर त्या दिवशी लग्नाला कॉव्हेंट्रीला गेले होते.

"उल्का, अख्ख्या वॉर्डला नाइटला आम्ही दोघीच असतो गं. मी मॅनेजमेंटला दहादा सांगितलं. एक दिवस कोणीतरी पडेल आणि आम्ही दुसऱ्या टोकाला असू. तू लिही."

"आत्या, मी लिहिते. प्रॉमिस. पण एडिटरला विचारायला लागेल," उल्का म्हणाली.

तिने लिहिले. पण हॉस्पिटलच्या नोकऱ्यांच्या पानभर जाहिराती तिन्ही पेपरांत येत होत्या, आणि तिन्ही पेपरांचा संपादक आता एकच होता. बातमी छापली गेली नाही. पूर्वी धाकट्याने नाकारली असती तर ती मधल्याकडे गेली असती, मधल्याने नाकारली असती तर थोरल्याकडे. आता एका दाराने नाही म्हटले की गावातली सगळी दारे बंद. मी माझ्या तिन्ही उतरणींवर शोधले. काळी पट्टीसुद्धा नव्हती.

दिवाळीच्या थोडे आधी वॉर्डमधले एक आजोबा पलंगावरून पडले आणि वारले. हॉस्पिटलने एक निवेदन काढले. तिन्ही पेपरांत बातमी आली, की सिस्टरच्या निष्काळजीपणामुळे रुग्णाचा मृत्यू झाला, सिस्टरला कामावरून दूर केले आहे, चौकशी होईल. सुप्रभाबाईंचे नाव होते. फोटोही होता.

डॉक्टर त्या शनिवारी आले. आता ते निवृत्त झाले होते. नेहमीच्या रीतीने त्यांनी थोरला वाचला, मधला वाचला, धाकटा वाचला. तिन्ही मथळे वेगळे होते, आणि खाली सगळे जुळत होते. मी डॉक्टरांचा चेहरा पाहत होतो. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की अहो, वास घेऊन बघा. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते निघून गेले. त्या वर्षी भाऊबीजेचा दिवस ठरवायला माझ्यासमोर कोणी आले नाही.

दिवाळी झाल्यावर सुप्रभाबाईच आल्या. डॉक्टर माझ्यासमोर उभे होते.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या. शशिदादा म्हणाल्या नाहीत. "भाऊबीजेला निरांजन लावून बसले होते. तूप संपेपर्यंत वाट बघितली."

डॉक्टर खाली बघत होते. "सुप्रभा, तिन्ही पेपरांत आलंय गं. एकात असतं तर मी मानलं नसतं."

"तीन पेपरांना विचारलंत. मला नाही विचारलंत."

एवढे बोलून त्या गेल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

पुढच्या शनिवारी उल्का आली. सुप्रभाआत्या घर सोडून कॉव्हेंट्रीला भाचीकडे गेल्याचे तिला कळले होते. बापाला माझ्यासमोर पाहून ती चिडली.

"बाबा, तुम्ही आत्याकडे गेलाच नाही? का?"

"तिघांचं जुळलं होतं, उल्का."

"कुठले तीन? बाबा, ते तीन नाहीये, एकच आहे. एकाच रूममध्ये एक माणूस एकच स्टोरी लिहितो. मग फक्त हेडलाइन चेंज करतात. माझा बातमी पण त्यांनीच काढून टाकला. आत्याने आधीच वॉर्न केलेलं, मी लिहिलेलं सगळं."

"मला तू सांगितलं नाहीस."

"मला वाटलं तुम्हाला माहितीये. तुम्ही दर वीकला तिन्ही वाचता ना!"

डॉक्टरांनी माझ्या दांडीला धरले. ज्या माणसाने आयुष्यभर ताडून पाहिल्याशिवाय शब्द मानला नाही, तो असा फसला होता. आणि त्यांचा नियम वेडेपणाचा नव्हता, मित्रांनो. तीन माणसे खरोखर तीन असती, तर तो नियम चांगलाच होता.

ते कॉव्हेंट्रीला गेले. परत आल्यावर उल्काने विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "दार उघडलं. चहा दिला, साखर कमी घालून, लक्षात ठेवून. पण ताट नाही काढलं. मी म्हटलं ओवाळ, तर म्हणाली, आता नको."

पुढच्या उन्हाळ्यात चौकशी संपली. दोष सिस्टरचा नव्हता, वॉर्डमध्ये माणसेच पुरेशी नव्हती, असे ठरले. उल्काने ते लिहून दिले. छापले गेले नाही. तिने नोकरी सोडली आणि ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत माहितीपत्रके लिहायला गेली. डॉक्टर मात्र दर शनिवारी येत राहिले. ते आता बातम्या वाचत नसत. थोरला, मधला, धाकटा, तिघांच्या पानांवर बोट फिरवत ते फक्त ती एक ओळ शोधत, जिच्यात सुप्रभा मोघे निर्दोष आहेत असे लिहिलेले असेल.

सत्याण्णव साली धाकटा बंद झाला. वाचक उरले नाहीत, असे सांगितले गेले. माझी एक उतरण उघडी पडली. मग वाचनालयात कॉम्प्युटर ठेवायला जागा हवी झाली आणि मला उचलायला माणसे आली. तो शनिवार होता. डॉक्टर दारातच होते. त्यांनी मिसेस होल्रॉइडना इंग्रजीत विचारले, की चौकशीबद्दल काही आले होते का. बाईंनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी माझ्या उघड्या उतरणीवरची धूळ रुमालाने पुसली आणि बाजूला होऊन मला वाट दिली.

आता मी इथे आहे. माझ्या लाकडाला कीड लागली आहे. मला कोणी पुन्हा वर नेईल अशी आशा मी करत नाही, आणि नेले तरी माझ्यावर काय लावतील? माझ्यासाठी मी काही मागत नाही. एकच मागणे आहे, आणि ते कोणी ऐकेल असेही मला फारसे वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या ओळखीच्या माणसाबद्दल काही छापून आले, ते कितीही ठिकाणी आले, तरी पेपर मोजत बसू नका. आधी त्याच्या घरी जा. त्याच्या निरांजनातले तूप संपायच्या आत जा.