भागाअक्काचं बोलणं राहूनच गेलं

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. रिक्षाच्या टपावर बांधतात तो नाही, हातात धरून बोलतात तो. तोंड लाल, मूठ पांढरी. म्हणजे होती पांढरी. इतक्या म्हाताऱ्या हातांचा घाम लागलाय की आता ती चहाच्या रंगाची झालीय.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते माहीत नाही. डोळे उघडले ते धुळ्यात, रिखबचंद शेठच्या दुकानात. शेजारच्या टॉर्च विकल्या गेल्या, कुकरच्या शिट्ट्या विकल्या गेल्या, मी तसाच पडून. मग एक दिवस अभिमन नाना आले. बंद पडलेल्या सूतगिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम. मला तोंडाला लावलं आणि भर दुकानात ओरडले, "पेन्शन वाढवा!"

शेठ दचकले, मग हसले. "नाना, मीपण सत्तरी गाठली. घेऊन जा, माझ्याकडून."

तेव्हापासून दर सोमवारी आम्ही नानांच्या गावात, ग्रामपंचायतीसमोर. गिरणीतले पंधरा-वीस म्हातारे-म्हाताऱ्या खाली पोती टाकून बसायचे आणि मी बोंबलायचो. पेन्शन वाढवा, पेन्शनवाल्यांची घरपट्टी कमी करा. पेपरात फोटो आला, त्यात नानांचं तोंड माझ्यामागे झाकलं गेलं. मीच मी दिसत होतो. काय फुगलो होतो तेव्हा!

पण झालं काय? काही नाही. निवेदन द्या, पोच घ्या, घरी जा. नानांची एक पिशवी नुसत्या पोचांनी भरली.

त्यात भागाअक्काचं निघालं. तिचा नवरा उखर्डूभाऊ गिरणीतला. तो गेला आणि पेन्शन निम्मी झाली. घरपट्टी काही निम्मी झाली नाही, उलट वाढली. अक्का म्हणायची, "माणूस गया तं मनं पोट बी अर्ध व्हयनं का?" घरपट्टी थकली म्हणून दारावर नोटीस लागली, शुक्रवारी नळ तोडणार. हापसा गावाबाहेर आणि अक्काचे दोन्ही गुडघे गेलेले.

तेवढ्यात बातमी आली. जिल्ह्याचे मोठे साहेब बुधवारी रस्ता बघायला येणार, पंचायतीसमोर दहा मिनिटं थांबणार. नळ तोडणं थांबवणं त्यांच्या हातात होतं. नाना म्हणाले, "अक्का, तूच बोल." दोन दिवस अक्का मला धरून ओसरीवर बसली. चारच वाक्यं. मला पाठ झाली, तिलाही.

बुधवारी साहेब खरंच आले. गाडीतून उतरले, हात जोडले. आणि मित्रांनो, इथे आमच्या लोकांनी माती खाल्ली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी टोपी, उपरणं, नारळ. मग काय ते बोला. नानांनी मला तोंडाला लावलं, "साहेबांचा सत्कार तोताराम आबांच्या हस्ते!" आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आबांनी टोपी घातली. मग सरपंचांचा सत्कार, नाहीतर ते रुसतील. मग इंजिनियरचा. मग ड्रायव्हरलापण नारळ. आणि सगळी नावं कोण पुकारतंय? मीच, गाढवासारखा.

मागून अक्का ओरडली, "नाना, सायेबनं लगीन लागी राहिनं का आठे? मना नळनं सांग ना!"

"थांब अक्का," नाना म्हणाले. "घर ऊना पाव्हनाले कोरडं धाडतस का? पयले सत्कार, मंग रडगाणं."

शेवटी अक्काच्या हातात मला दिलं. तिने तोंड उघडलं आणि साहेबांच्या माणसाने घड्याळ दाखवलं. साहेब गोड हसले. "आजी, निवेदन द्या, बघतो." निवेदन नानांच्या खिशात, खिसा उपरण्याखाली. ते बाहेर काढेपर्यंत गाडी गेली.

अक्का बोललीच. चारही वाक्यं, एक शब्द न चुकता, रिकाम्या रस्त्याकडे बघून. मी जीव तोडून ओरडलो. पार मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेलं. ज्याने ऐकायचं तो हायवेला लागला होता.

शुक्रवारी दोन माणसं आली, पान्याने नळ काढला, भोकात लाकडाची खुंटी ठोकली. नाना दारात उभे होते. म्हणाले, "अक्का, मनी चूक शे." तिने हंडा उचलला.

आता सोमवारी कोणी जमत नाही. नानांनी मला घरात खिळ्याला टांगलंय आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. सकाळी खिडकीतून अक्का दिसते. चार पावलं चालते, हंडा टेकवते, परत चार पावलं. मला इतका राग येतो! पण रागावून भोंगा काय करणार?

मित्रांनो, तुमच्या गावात कुणी म्हातारं माणूस बोलायला उभं राहिलं ना, तर त्याला आधी बोलू द्या. टोपी, नारळ कुठे पळून जात नाहीत. साहेब जातात. आणि मला कुणीतरी खाली काढा रे. आवाज आहे माझ्यात अजून. बटण तेवढं मला दाबता येत नाही.