पिंजणयंत्राने पाहिलेलं वावर

"हे धूड नुसती जागा खाते, अन् तुही बायको नुसती आयकते," हबीबमियां मोईनला, आपल्या मुलाला, म्हणाले. "शनिवारी भंगारवाला येऊन राह्यला."

ते धूड म्हणजे मी, बाभुळगावच्या गादीच्या दुकानातलं कापूस पिंजायचं यंत्र. आणि ती बायको, तमन्ना, पडद्यामागेच उभी होती. उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. तिनं ऐकलं, आणि ऐकूनच घेतलं.

मला हबीबमियांच्या वडिलांनी आणलं. तेव्हापासून मी एकाच कोपऱ्यात. बाया जुन्या गाद्या आणत आणि पिंजून होईस्तोवर माझ्यापुढे बसून राहत. आपला कापूस बदलला तर? घरच्या वावरातला, आईनं वेचलेला असतो तो. लेकीच्या सोन्यावरही कोणी एवढा पहारा देत नाही.

आता फोमच्या गाद्या आल्या. परवा लीलाबाई एकच गादी घेऊन आल्या. घरी अजून ढीग पडलाय म्हणाल्या, "पण वेचणी टाकून इथं कितीदा बसू, माय?"

पडदा हलला.

तमन्ना नवऱ्याशी काय बोलली, मला ठाऊक नाही. पण शुक्रवारी, हबीबमियां फोमचा भाव करायला यवतमाळला गेलेले असताना, गाद्या पोचवायच्या टेम्पोत मोईननं मलाच चढवलं. तमन्नाही सोबत बसली.

आणि मी ते पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी, पार टेकडीपर्यंत पांढरी. जन्मभर मी कापूस पाहिला तो दबलेला, माणसांच्या झोपांनी चपटा झालेला. तो असा झाडावर, उन्हात उभा असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आतून थरथरत होतो. टेम्पोही खडखडत होता म्हणा.

लीलाबाईंच्या अंगणात मी धडधडू लागलो. त्या भाकरी थापता थापता कापसावर नजर ठेवत होत्या. बघता बघता शेजारणींच्या गाद्यांनी ओटा भरला. तमन्ना एकेक पुंजका उलगडून माझ्या तोंडी देत होती, बोटं सांभाळून, सराईतासारखी. पडद्याच्या फटीतून हिनं माझं सगळं कामच शिकून घेतलं होतं! तुमच्याकडे जुनी गादी असेल तर फेकू नका, बाप्पा. आतला कापूस मेलेला नसतो, फक्त निजलेला असतो.

संध्याकाळी परतलो तेव्हा हबीबमियां रिकाम्या कोपऱ्यासमोर उभे होते. माझ्या दात्यांत अडकलेला ताजा पिंजलेला कापूस त्यांनी चिमटीत धरून पाहिला. उद्या शेजारच्या गावातूनही बोलावणं आहे, मोईननं सांगितलं. त्यांनी दाढी कुरवाळली.

"मंग उद्या त्या भंगारवाल्याले काय सांगू?"

मोईन बायकोकडे पाहू लागला. तमन्नानं डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"म्हणा अब्बा, यंत्र घरी नाही. कामावर गेलं आहे."