दोघांच्या दोन गंज्या

सकाळपासून शेजारच्या दादाची आणि वहिनीची गवतावरून जुंपली होती, आणि गवत ओढायचं दाताळं मात्र दोघांच्याही हातात नव्हतं. कापलेलं गवत आवारभर पसरलेलं, ढग चढत चाललेले, आणि गोठ्यातली एकुलती एक गाय आपल्या वर्षभराच्या जेवणाकडे बघत उभी.

"आत्ताच्या आत्ता गंजी रचा," वहिनी म्हणाली. "पाऊस काय तुमची परवानगी काढून येणारे?"

"अगं, ओलंय अजून! ओली गंजी आतून तापते. पेटते!"

दादाचं हे वेड जुनं. लग्नाआधी त्यानं एकदा ओल्या गवताची गंजी रचली. ती महिन्याभरात आपोआप धुमसली आणि गोठ्याचं छप्पर घेऊन गेली. तेव्हापासून कुणाचीही गंजी दिसली, की हा कोपरापर्यंत हात घालून बघतो. लोक त्याला 'गवताचा वैद्य' म्हणतात. नाडी बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही.

वहिनीचं नेमकं उलट. तिच्या माहेरी वडील 'अजून एक ऊन देऊ' म्हणत राहिले आणि पावसानं सगळं गवत कुजवलं. म्हैस विकावी लागली. "नेताना ती मागं वळून बघत होती हो," हे सांगताना वहिनीचे डोळे आजही भरतात, आणि ते बघून मलाही कसंतरी होतं.

तर माझी गंजी आठवड्यापूर्वीच वाळवून रचून झाली होती, म्हणून मी कुंपणापाशी उभा राहून फुकटची करमणूक बघत होतो. गप्प बसायला हवं होतं. पण तोंडाला खाज!

"अर्धं अर्धं करा की," मी म्हणालो. "वहिनी, तुम्ही आजच रचा. दादा, तू वाळव."

एवढा सोपा तोडगा! मलाच माझं कौतुक वाटलं.

संध्याकाळी पाऊस कोसळला तो चार दिवस हटला नाही. दादाचं अर्धं गवत जागेवरच काळं पडलं. वहिनी आपल्या झाकलेल्या गंजीशेजारी ऐटीत उभी. ही ऐट दोनेक आठवडे टिकली. मग एका सकाळी दादानं तिच्या गंजीत हात घातला आणि ओरडतच बाहेर काढला. तिघांनी मिळून गंजी उपसली. आतून वाफा येत होत्या, मधलं गवत भाजल्यासारखं तपकिरी झालेलं. उरलं ते गाईला दोन महिने पुरलं असतं.

"तोडगा कुणाचा होता?" वहिनीनं विचारलं.

इतक्या वर्षांच्या संसारात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. बाकीचे दहा महिने ती गाय माझ्या गंजीवर जगली. अंगानं चांगली भरलीसुद्धा.

पुढच्या वर्षी गवत कापलं, ढग आले, आणि कुंपणापलीकडे पुन्हा आवाज चढले.

"आत्ताच्या आत्ता रचायचं!" दादा कळवळून ओरडत होता. "डोळ्यांदेखत काळं झालं होतं माझं!"

"हात लावून तर बघा!" वहिनी कमरेला पदर खोचून आडवी. "ओलंय ते. आतून तापतं. मी स्वतः वाफा बघितल्यात!"

दोघांचंही अगदी मनापासून चाललं होतं. मग आवाज एकदम थांबले.

"भावजी, तुम्हीच सांगा आता," वहिनी म्हणाली.

मी मान वर केली नाही. मी माझ्या गंजीभोवती काटेरी तार ओढत होतो. पलीकडून त्यांची गाय त्या गंजीकडे ओळखीनं बघत होती. अनुभव मलाही आला होता. मी आणखी एक फेरा आवळला.