मुकी तार

मंडळाच्या बैठका महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरत. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो बनवणारे, दुरुस्त करणारे आणि त्यांच्याविषयी नुसतंच बोलणारे, असे तीसेक सभासद होते. नव्या कारागिराचं वाद्य मंडळाच्या नोंदीत घ्यायचं की नाही, हे तीन परीक्षक ठरवत. खरं म्हणजे आबा ठरवत. त्यांचं दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षांचं. उरलेले दोघे, एक भौतिकशास्त्राचे मास्तर आणि एक वादक, आबांच्या तोंडाकडे बघून मान डोलवत.

कवळीबाईंनी पहिलं व्हायोलिन आणलं तेव्हाही तसंच झालं. त्या दिवसभर दातांच्या कवळ्या बनवत, म्हणून मंडळात हे नाव पडलेलं. तोंडावर कोणी घेत नसे. वाद्याला दोन वर्षं लागली होती. वादकाने चारही तारा वाजवून दाखवल्या. आबा डोळे मिटून ऐकत होते.

"काम सुबक आहे," ते म्हणाले. "पण वरची, बारीक तार मुकी आहे. फळी जाड राहिलीय."

वादकाने भुवया उंचावल्या आणि मग मान डोलवली. मास्तरांनी वहीत तसं लिहून घेतलं.

बाईंनी घरी जाऊन वाद्य उघडलं आणि वरची फळी आतून खरवडली. वर्षाने पुन्हा आणलं. आबांचं उत्तर तेच. बाईंनी आणखी खरवडली. मग मात्र तारा पेलणाऱ्या घोडीखाली फळी दबायला लागली आणि आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ झाला. तिसऱ्यांदा त्या आल्याच नाहीत.

त्या सुमारास एकदा आबांच्या बायकोने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, "अहो, किटली केव्हाची शिट्टी मारतेय. गॅस बंद करायला काय झालं होतं?"

आबा किटलीपासून चार हातांवर बसून गजाचे केस विंचरत होते. "कुठली शिट्टी?" ते म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना एक आलेख दाखवला. रेघ डावीकडे ठीकठाक चालली होती आणि मध्यावरून जी घसरली ती तळालाच गेली. बोलणं ऐकू येईल, डॉक्टर म्हणाले, पण बारीक, उंच आवाज नाहीत.

"हे कधीपासून?"

"नक्की सांगता येणार नाही. पाच-सहा वर्षं असतील."

दुसऱ्या दिवशी आबा बाईंच्या कामाच्या जागी गेले. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. आबांनी आलेख पुढे ठेवला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं नाही.

"म्हणजे तार मुकी नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

"आणि मी खरवडलेलं लाकूड?"

आबांनी आलेखाची घडी घातली. ते म्हणाले, "माझ्याकडे तीस वर्षं वाळवलेली एक फळी आहे. व्हायोलिनची वरची फळी काढून नवीन तोंड बसवू. मी येतो मदतीला."

"फळी पाठवा," बाई म्हणाल्या. "तुम्ही येऊ नका."

पुढच्या बैठकीत आबा उभे राहिले आणि सहा वर्षांत त्यांनी नाकारलेल्या अकरा वाद्यांची यादी वाचली. ही पुन्हा तपासावीत, मी परीक्षक राहणार नाही, एवढंच म्हणून बसले.  मग वादकाने सांगितलं की बाईंच्या व्हायोलिनची वरची तार त्याला पहिल्याच दिवशी छान वाटली होती.

"मग बोलला का नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

अकरापैकी सात वाद्यं परत आली. दोघांनी हा नाद सोडला होता, एकाचा पत्ता बदलला होता, आणि एकाने रागाच्या भरात वाद्य फोडून टाकलं होतं. त्याने तसं दोन ओळींच्या पत्रात कळवलं. आबांनी ते पत्र मंडळाच्या फाइलला लावायला दिलं.

बाईंनी फळी घेतली आणि आठ महिन्यांत नवं तोंड कोरून बसवलं. तपासणीच्या दिवशी आबा शेवटच्या रांगेत होते. वाद्य नोंदीत आलं. शेरा 'चांगलं, खालची तार किंचित जड' असा होता. बाईंनी तो वाचला, वादकाला दोन प्रश्न विचारले आणि व्हायोलिन पेटीत ठेवलं. जिन्यात आबा बाजूला सरकून उभे राहिले.

"लाकूड चांगलं होतं," एवढं म्हणून त्या खाली उतरल्या.